अंगठा खाली यायला हवा

१९ ऑगस्ट

मिळाला एकदाचा! कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले तेव्हा कुठे माझा पांढरा कोट शिवून झाला. बाप टेलर, घराच्या पुढच्याच खोलीत दुकान, आणि मी रोज मैत्रिणीच्या जुन्या कोटाच्या बाह्या दुमडून वर्गात! मॅडम म्हणाल्या, "फिजिओथेरपी शिकायला आलीस की लपायला?" बाबांनी दिलेली तारीख आणि बाबांनी दिलेला कपडा यांची गाठ आजवर पडलेली नाही. गिऱ्हाइकं तोंडावर म्हणतात, "मास्तर, लग्न मुलाचं आहे, नातवाचं नाही!"

कोट मात्र झकास बसलाय. कॉलरला चिठ्ठी टाचलेली – गिऱ्हाइकांच्या कपड्यांना असते तशीच, नाव आणि द्यायची तारीख. तारीख एक ऑगस्ट. वर म्हणतात कसे, "चिठ्ठीवर तर वेळेतच आहे!"

३ सप्टेंबर

न्यूरॉन. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. न्यूरॉन एक तर पूर्ण पेटतो, नाही तर अजिबात पेटत नाही – अधलंमधलं काही नसतं. जेवताना बाबांना सांगितलं. "म्हणजे तुझ्या आईचा राग," म्हणाले. आई हसली नाही. हल्ली ती कशालाच हसत नाही.

२१ नोव्हेंबर

रिफ्लेक्सचं प्रॅक्टिकल. गुडघ्याखाली हातोडीनं टकटक केलं की स्नायू ताणला जातो, निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच उलट टपाली परत येतो – पाय उडतो. मेंदूला विचारायचं कामच नाही. मेंदू नुसता लगाम धरून बसलेला असतो. तो ढिला पडला की पाय नको तितका उडतो. तळव्याचं निराळं. टाचेपासून बोटांकडे ओरखडा काढायचा – अंगठा खाली वळायला हवा.

घरी सराव करायला माणूस हवं होतं. आई म्हणाली, "मला गुदगुल्या होतात." बाबा मशीनवरून उठून आपणहून आले, पलंगावर पाय पसरून म्हणाले, "घ्या डॉक्टरीणबाई, कापड हजर आहे."

पाय असा उडाला की माझी हनुवटीच फुटायची! पोट धरून हसलो दोघं. तळव्यावर ओरखडा काढला तर अंगठा वर. दोन्ही पायांचा. माझंच काहीतरी चुकतंय.

२४ नोव्हेंबर

पुन्हा वर. मैत्रिणींचा खाली. शेजारच्या काकूंचाही खाली. फक्त बाबांचाच वर! जोर जास्त होतोय का? किल्लीनं करून पाहिलं, पेनाच्या टोपणानं पाहिलं. बाबा विचारतात, "बरोबर येतंय ना गं?" म्हटलं, "मस्त येतंय."

२५ नोव्हेंबर

मॅडमना विचारलं – बाबांचा अंगठा वरच जातो, माझं कुठे चुकतंय? त्यांनी चप्पल काढली आणि स्वतःच्या पायावर करून घेतलं. अंगठा खाली. "तुझं काही चुकत नाहीये," म्हणाल्या. मग – "वडील काय काम करतात? त्यांचे हात नीट बघ."

घरी येऊन बघितले. उजव्या हातावर अंगठ्याखालचा उंचवटा – नाहीच तो! बसून गेलाय. कोपराच्या खाली कातडीच्या आत सारखी बारीक थरथर. काजं बाहेरून करून घ्यायला लागले होते ते केव्हापासून? मी आळशी म्हणाले होते त्यांना. सगळ्यांसमोर.

९ डिसेंबर

मोठ्या हॉस्पिटलात स्नायूंत सुया घालून तपासणी झाली. मोटर न्यूरॉन डिसीज.

आमच्या पुस्तकात हे सहा ओळींत आहे. परीक्षेला येतं म्हणून मी त्या पिवळ्या पेनानं रंगवल्यात. हालचालीचे न्यूरॉन मरत जातात. हातपाय, मग गिळणं, मग श्वास. औषधानं वेग थोडा कमी होतो, बरं होत नाही. स्पर्श बहुतेक शेवटपर्यंत कळतो. म्हणजे आपल्याला काय होतंय हे बाबांना सगळं कळत राहणार!

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही यातलंच शिकताय, घरी तुम्हीच समजावून सांगा." बाबा बाहेर बाकावर. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "नसांची कमजोरी आहे. व्यायामानं बरं वाटेल." त्यांनी मान हलवली. "मग काय, तू आहेसच की." बसमध्ये मी सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून रडले.

१० डिसेंबर

कसं सांगू? ज्याचं सगळं आयुष्य दहा बोटांवर चाललं त्याला?

३० डिसेंबर

बाबांना शर्टाचं बटण लावता येईना. मी लावलं. म्हणाले, "एवढी वर्षं दुसऱ्यांना लावली, आता जरा माझी पाळी." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मला सगळ्यांचा राग येतो. पुस्तकाचा येतो, हातोडीचा येतो. शिकलेच नसते तर निदान आणखी चार महिने कळलं नसतं.

१७ जानेवारी

तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक. "प्रौढ माणसाचा अंगठा वर गेला तर काय समजाल?" घडाघडा सांगितलं. लगाम कुठे सुटतो, कशानं सुटतो, पुढे काय होतं. पैकीच्या पैकी!

घरी बाबा वाटच बघत होते. "म्हणजे माझ्या पायाचा उपयोग झाला म्हणायचा!" आज सांगायचंच असं ठरवून आले होते. तोंड उघडलं. पाणी प्यायले. आत निघून आले.

२ फेब्रुवारी

आज दुकान बंद केलं. कपाट रिकामं करताना तळाशी एक गाठोडं निघालं. चार पांढरे कोट, माझ्या मापाचे. काजं हातानं घातलेली, बाबांची, बारीक. प्रत्येक कॉलरला चिठ्ठी – माझं नाव आणि तारीख. दुसरं वर्ष. तिसरं. चौथं. इंटर्नशिप.

आई म्हणाली, "तुझी ॲडमिशन झाली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यांना. पाचही एकदम शिवायला घेतले, म्हणून तुझा पहिला उशिरा झाला. म्हणाले, हात आहेत तोवर करून टाकतो. तिला सांगू नकोस, शिकू दे."

बाबांनी पहिल्यांदाच तारखेच्या आधी कपडे दिले.