देवमाशाच्या साक्षीने झालेले भाषण

उत्रोली, ता. भोर
६ जानेवारी १९७१

आदरणीय दाजी,

सविनय जयभीम. इकडे सर्व खुशाल असून भाताची झोडणी उरकली आहे. रतनअक्काचा खोकला खाऱ्या हवेने गेला की आम्ही पाठवलेल्या हुलग्यांनी, ते कळवावे. तुम्ही दोघे लग्नासाठी मुंबईला गेला असताना आम्ही अकरा जण तुमच्या गावच्या समुद्रावर येऊन, देवमासा गाठून, जिंकून परत आलो, हे कळवताना ऊर भरून येतो.

प्रकरण चावडीपुढे सुरू झाले. देवमासा हा मासाच नाही, तो फुप्फुसाने श्वास घेतो आणि त्याची मादी पिलाला म्हशीसारखी दूध पाजते, असे मी सांगितले. (पुस्तक भोरच्या वाचनालयातले. मी ते तीनदा नेल्यामुळे तिथल्या बाई आता मला पाहिले की तेच काढून ठेवतात.) आमच्या जयंती समितीचे अध्यक्ष रखमाजी म्हणाले, "साहेबराव, पाण्यात दूध पाजतीया व्हय? दाव मला. न्हाई दावलंस तर औंदा जयंतीला माइक तुझ्या हातात न्हाई." दाजी, अकरा वर्षे तो माइक माझा आहे. डोळ्यांनी पाहाल तेच माना, हे मी त्याच माइकवरून सांगत आलो. मी जागच्या जागी कबूल झालो.

तुम्ही मागे लिहिले होते, की पावसाळ्यात समुद्र गढूळ असतो, तेव्हा यायचे नाही. दिवाळीनंतर पाणी निवळते, मार्गशीर्ष-पौष सर्वांत चांगले, होळीनंतर भरवसा नाही, आणि वारा पडलेली सकाळ धरायची. ते पत्र खिशात घालून आम्ही एसटीने वरंधा घाट उतरलो. (अर्धी मंडळी घाटभर खिडकीबाहेर डोके काढून होती. विज्ञानासाठी एवढे सोसावे लागते.)

दोन सकाळी काही दिसले नाही. आमच्यातल्या चंद्राबाईंनी बांधून आणलेल्या भाकऱ्या संपत आल्या आणि रखमाजी मिशीत हसू लागले. तिसऱ्या सकाळी लोक पिशव्या आवरू लागले, तेव्हा मी सगळ्यांना वाळूत रांगेने बसवले, एका पालथ्या होडीवर चढलो आणि श्रोत्यांकडे तोंड करून बोलू लागलो. वीस मिनिटांनी, नेमकी दुधाच्या मुद्द्यावर, सभा एकदम उठून उभी राहिली. सगळ्यांचे हात माझ्या दिशेने वर झाले. चंद्राबाईंनी तोंडावर पदर धरला. माझ्या एकाही भाषणाला कधी टाळी न दिलेल्या रखमाजींनी टोपी काढून हवेत उडवली. मी आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हटले. यथासांग समारोप करून खाली उतरलो, तर रखमाजींनी मला मिठीच मारली. म्हणाले, "हरलो म्या. दोन एसट्या एकापुढं एक लावाव्या येवढा हाय. अन् अंगाला चिकटून पिलू बी हाय. माइक तुझाच."

दाजी, अज्ञान हरले, पुस्तक जिंकले. सगळ्या उत्रोलीत आता दुसरा विषय नाही. अक्काला जयभीम सांगावा.

आपला,
साहेबराव

ता. क. – मी स्वतः देवमासा पाहिला नाही. श्रोत्यांचे तोंड समुद्राकडे होते आणि माझे श्रोत्यांकडे; सभा माझ्या वाक्याला उठली, असे मी धरून चाललो. होडीवरून उतरून वळलो, तोवर पाणी सपाट झाले होते. जयंतीच्या फलकावर माझा विषय 'मी पाहिलेला देवमासा' असा रंगवूनही झाला आहे, आणि न पाहिलेले त्या माइकवरून माझ्याने सांगवणार नाही. तरी होळीच्या आत आठ दिवस तुमच्याकडे राहू द्यावे. या खेपेस तोंड समुद्राकडे ठेवीन, आणि बंद ठेवीन.

ता. क. दुसरा – रखमाजीही बरोबर येत आहेत. देवमासा त्यांचा पाहून झाला आहे. मी आठ दिवस तोंड बंद ठेवतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे.