एका चहाची चिठ्ठी

९ ऑक्टोबर १९७३, मंगळवार
चिल्लरीवरून सकाळपासून तीन भांडणं. चहा वीस पैसे. गिऱ्हाईक रुपयाची नोट पुढे करतं, ऐंशी पैसे परत द्यायचे कुठून? गल्ल्यात दहा पैशांची दोन नाणी, बस्स. काल पोस्टाची तिकिटं दिली, ती खिशात घामाने एकमेकांना चिकटली म्हणून लोक परत घेऊन आले. आज एकाला पेपरमिंट दिलं. तो म्हणाला, "मालक, उद्या मी च्याचे पैसे पेपरमिंटात देतो, चालंल का?" त्याचं काय चुकलं?
कुणी म्हणतं लोक नाणी वितळवून विकतात. कुणी म्हणतं सरकार पाडतच नाही. शुक्रवार पेठेत मात्र सुटे नाहीत एवढं खरं.

१२ ऑक्टो.
तोड निघाली. चिठ्ठ्या. सुटे नसतील तर माझ्या सहीची चिठ्ठी द्यायची, पुन्हा आलं की चहा घ्यायचा. पुठ्ठा व्यंकटय्याने आणून दिला. हा पलीकडच्या गल्लीत चादरीच्या मागावर कामाला. मागावरचे जुने पुठ्ठे, नक्षीसाठी भोकं पाडलेले. "मालक, फेकनारच हुते," म्हणाला, पैसे घेतले नाहीत. भोकांमुळे कुणाला नक्कलही करता यायची नाही.
पहिल्या चिठ्ठीवर "२० पैसे" लिहिलं तर पोस्टातले निंबाळकर (यापुढे निं., सही करून हात दुखतोय) ओरडले. "दत्तू, पैसे लिहायचा अधिकार सरकारचा. आत जायचंय का? चहा लिही." मग लिहिलं, "एक चहा". खाली हॉटेलचा शिक्का, सही. पन्नास झाल्या. रुपयात पाच चहा बसतात, हिशेब सोपा.

२ नोव्हें.
चिठ्ठ्या फिरायला लागल्या. न्हावी दाढीला घेतो. फुलवाली घेते. आज बायको शांता भाजी घेऊन आली, परत मिळालेले सुटे पदरातून काढून माझ्यापुढे ठेवले तर त्यात दोन माझ्याच चिठ्ठ्या. "घ्या, तुमचीच नाणी घरी आली," म्हणाली.
मोडनिंबहून इथे आलो तेव्हा मला उधार चहासुद्धा कुणी दिला नव्हता. आज माझ्या सहीवर लोक कोथिंबीर देतात. हे लिहून ठेवावंसं वाटलं. बरं वाटलं, खरंच.

१९ जानेवारी १९७४, शनिवार
साखर. रेशनची मिळते ती घराला पुरत नाही, खुल्या बाजारातली दुपटीच्या वर गेली. दूध वाढलं. नाइलाजाने पाटी बदलली, चहा पंचवीस पैसे.
पहिल्याच गिऱ्हाइकाने चिठ्ठी ठेवली. मी म्हटलं, वर पाच पैसे. तो म्हणाला, "हितं काय ल्हिवलंय? एक च्या. मग द्या की एक च्या." सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. दिला. चिठ्ठीवर वीस पैसे लिहिलं असतं तर माझं बरोबर ठरलं असतं. मी चहा लिहून बसलोय.
निं. खाली मान घालून चहा पीत होते. सल्ला त्यांचाच.

३ मार्च
आता तीस. गंमत अशी की चिठ्ठ्या परत यायच्या कमी झाल्या. लोक रुपया मोडून चहा पितात आणि चिठ्ठी मागून घेऊन खिशात ठेवतात. कळेना. निं.ना विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि पोस्टातल्या खिडकीत बोलतात तसं बोलले. "हे बघ, बाजारात माल तेवढाच आणि सरकारच्या नोटा जास्त, म्हणून नोट हलकी होते. तुझी चिठ्ठी हलकी होत नाही. ऑक्टोबरात एक चहा, आजही एक चहा. शहाणा माणूस नोट खर्च करतो आणि चिठ्ठी ठेवून देतो."
"मग मला काय होणार?"
"तुला कळेलच."
नव्या चिठ्ठ्या आजपासून बंद. किती लिहिल्या त्याची नोंद मात्र ठेवलेली नाही. सहाशे? नऊशे? शांताला हे सांगितलेलं नाही.

१८ मे
कळलं.
दुपारी हॉटेल रिकामं. रेल्वेचा संप, पत्तीची पेटी वाटेतच अडकलेली, मी फडक्याने माश्या वारत बसलेलो. मागावरचा व्यंकटय्या (यापुढे व्यं.) आला. रोज सकाळी येतो, एक चहा पितो, मार्चपर्यंत रुपया देऊन बाकीच्या चिठ्ठ्या घ्यायचा. चिठ्ठी देऊन चहा प्यायल्याचं मात्र आठवत नाही. आज हातात बिस्किटाचा डबा. उघडला. भोकाभोकांचे पुठ्ठे, दोऱ्याने बांधून दहा-दहाच्या गड्ड्या.
"मालक, थोरलीचं लगीन हाय, तीन जूनला. वरातीला च्या तुमचाच. तीनशे हायेत. तीनदा मोजलं."
एवढ्या कुठून, तर मागावरच्या नडलेल्या लोकांकडूनही विकत घेतल्या, वीस पैशाला एक. मार्चनंतरही घेत होता. मी विचारलं, हे पैसे पोस्टात का नाही ठेवले? तो म्हणाला, "साठ रुपये ठेवले तर साठच ऱ्हातेत की. च्या ठेवला, तर च्याच ऱ्हायला."
वाद घालायला जागाच नव्हती. तीनशे कपांना आज साखर, दूध, पत्ती धरून ऐंशी रुपयांच्या वर जातात. त्याचे साठ तर केव्हाच खर्च होऊन गेले. हॉटेलचं भाडं पाच तारखेला द्यायचंय, मागच्या महिन्याचंही बाकी आहे. जागेच्या मालकाने सांगितलंय, या वेळी चुकलं तर दुसरा भाडेकरू तयार आहे.
"बघू," म्हणालो. व्यं. डबा ठेवून गेला. पावतीसुद्धा मागितली नाही.

२० मे
शांताला सगळं सांगितलं. चिडेल वाटलं होतं. ती म्हणाली, "त्येचे साठ रुपये त्येला देऊन टाका. घेतलं तेवडं दिलं, पाप न्हाय."
पटलं. उसने आणून साठ रुपये घेऊन व्यं.च्या कारखान्यात गेलो. तो मागावर बसलेला, लग्नाची पोरगी शेजारी सुताच्या कांड्या भरत होती. नोटा पुढे केल्या. त्याने माग थांबवला, नोटांकडे पाहिलं, हात लावला नाही. रागावला नाही, तेच वाईट. "साठात आता किती च्या हुतंय मालक?" मी म्हटलं, दोनशे. "मग शंभर मानसं कोनती परत पाठवू?" आणि पुन्हा माग सुरू केला. जाताना एवढंच म्हणाला, "तुमी म्हनाल तसं."
पोरगी मान वर न करता कांड्या भरत राहिली. लाज वाटली. साठ रुपये घेऊन परत.

२६ मे, रविवार
शांताचा दुसरा उपाय. पाणी वाढवा. "कप तर कपच ऱ्हातो की. चिठ्ठीवर च्या ल्हिवलंय, किती दाट ते कुटं ल्हिवलंय?"
याचाही मोह झाला, खोटं कशाला लिहू. दुपारी एक भांडं तसं करून पाहिलं. अर्धं दूध, साखर चिमटीने. रंग बरा दिसत होता. निं. आले, त्यांना न सांगता तोच दिला. एक घोट घेतला, कपात पाहिलं.
"दत्तू, तूही सरकार झालास की."
उरलेलं भांडं मोरीत ओतलं. एवढं दूध वाया गेलं म्हणून शांताने फार ऐकवलं. ऐकून घेतलं. द्यायचा तर रोज देतो तसाच चहा द्यायचा, ठरलं. भाड्याचं बघू. गुळाचा करावा असंही मनात आलं होतं, धाकट्या भावाने मोडनिंबहून ढेप पाठवली आहे, पण तीनशे कपांचं दूध एकदम फाटलं तर वरात माझ्या अंगावर येईल.

१ जून
सात किलो साखर लागणार. सकाळी निं. पिशवी घेऊन आले. त्यांच्या घरची रेशनची किलोभर. "लिहून ठेवू नकोस. चहा लिही म्हणून मीच सांगितलं होतं." त्यांची बायको आता महिनाभर काय करणार कोण जाणे. न्हाव्याने पावशेर आणून दिली. फुलवाली मात्र पक्की, व्यं.ची गोष्ट कळताच दोन बहिणींना घेऊन आली आणि घाईघाईने पाच चिठ्ठ्या पिऊन गेली. तिचंही काय चुकलं.
दुपारी शांताने तांदळाच्या डब्यातून तीन पुरचुंड्या काढल्या. दर महिन्याच्या रेशनमधून थोडी थोडी बाजूला ठेवलेली. अडीच किलो भरली. कशासाठी ठेवली होती विचारलं. "आसू दे की," म्हणाली. पुन्हा विचारलं तर उठून चुलीकडे गेली. सोळा वर्षं हिच्याबरोबर संसार केला, ही काय काय साठवते याचा पत्ता नाही मला. देवाने दिली म्हणायची, दुसरं काय.
उरलेली खुल्या बाजारातून. भाड्यातले पैसे घातले.

३ जून, सोमवार
झालं.
पहाटे चूल पेटवली. शांताने पत्ती स्वतः टाकली, मला हात लावू दिला नाही. वरात आठला हॉटेलपुढे आली. व्यं.ने डबा किटलीशेजारी ठेवला आणि स्वतः उभा राहिला. एक कप उचलला की एक चिठ्ठी माझ्या परातीत. मी म्हटलं, राहू दे, शेवटी मोजू. ऐकलं नाही. नवं धोतर, कपाळावर मोठा टिळा, आणि दोन बोटांत माझा पुठ्ठा.
नवऱ्या मुलाच्या बापाने दोन कप घेतले. तेलुगूत काहीतरी म्हणाला. व्यं.ने मला मराठीत सांगितलं, "म्हनतो, लग्नात असा च्या कोन देतंय आताच्या दिवसात." माझ्या सहीच्या भरवशावर या माणसाने पोरीच्या लग्नाचा मान सोपवला होता. घाटा झाला, घसघशीत झाला. पण एवढा विश्वास उभ्या जन्मात माझ्यावर कुणी टाकला नव्हता. उपकार कुणाचे कुणावर, तेच कळेना.
दोनशे बासष्ट कप गेले. अडतीस चिठ्ठ्या उरल्या, त्या त्याने डब्यात परत ठेवल्या. परत आलेल्या चिठ्ठ्या मार्चपासून जाळतोच, आजच्याही मी चुलीत घातल्या. बराच वेळ जळत होत्या.

८ जून
जागेचा मालक आला. निम्मं भाडं दिलं, निम्मं पुढच्या महिन्यात. तोंड वाकडं केलं, पण घेतलं. जाताना खिशातून चार चिठ्ठ्या काढल्या, तीन पुन्हा खिशात ठेवल्या आणि एक चहा प्यायला.

१५ जुलै, सोमवार
चहा पस्तीस. निं.नी बातमी आणली. सरकारने नवा कायदा केला आहे, वाढलेल्या महागाई भत्त्यातला निम्मा हातात द्यायचाच नाही, ठेवून घ्यायचा. लोकांच्या हातात पैसा कमी म्हणजे महागाई कमी. "मीच तुला समजावलं होतं ना, नोटा जास्त झाल्या म्हणून," म्हणाले. "आता माझ्यापासूनच सुरुवात झाली." त्यांना आज बिनपैशाचा चहा दिला. नको म्हणत होते.
व्यं. आला. पोरगी सुखात आहे म्हणाला. मी त्याला म्हटलं, ते अडतीस पुठ्ठे आण, आजच्या भावाने रोख देतो, तेरा रुपये तीस पैसे. पैसे मोजून पुढे ठेवलेसुद्धा. मला एकदाचं मोकळं व्हायचं होतं, हे खरं.
त्याने चहा संपवला. चहाचे पैसे रोख दिले. माझे पैसे माझ्याकडे सरकवले.
"नको मालक. धाकटीच्या लग्नाला ठेवल्यात."
"धाकटी केवढी आहे?"
"चार वर्साची."
घरी जाऊन शांताला सांगितलं. वाटलं हसेल. ती हसली नाही. भाकरी उलटत म्हणाली, "मग तब्येतीला जपा."