जिभेचं काम

३ मार्च
एकदाची नोकरी लागली. व्यायामाआधी पाण्यात ढवळून प्यायची पावडर आणि वजन उतरवायच्या गोळ्या बनवणारा कारखाना आहे. राहायला दादा-वहिनीकडे, दोनच खोल्या, पण मजेत. दादा तर हरखूनच गेलाय. व्यायामशाळेत तो हीच पावडर पितो.

५ मार्च
काम गमतीचं आहे. पिंपात पांढरंशुभ्र कॅफीन, त्यात संत्र्याचा स्वाद आणि रंग. वजनकाटा आहे, पण कॅफीनचे गोळे होतात म्हणून उस्ताद, म्हणजे आमचा मिश्रण करणारा कारागीर, काट्यापेक्षा जिभेवर भरवसा ठेवतो. प्रत्येक घाणा चाखायचा. कडू लागला तर पुरे, नाहीतर आणखी एक पळी. त्याची जीभ आता चवीला जड झालीय, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दिवसभर थुंकत होते. वहिनी म्हणाली, तुझ्या तिखट जिभेला कुणी पगार देतंय म्हणजे कमालच झाली.

१४ मार्च
आता थुंकावं लागत नाही. अंगात नुसता उत्साह आहे. वहिनीने घासलेली भांडी मी पुन्हा घासली, तिला तो टोमणा वाटला. सध्याचं कॅफीन मात्र अगदीच मिळमिळीत येतंय. आज प्रत्येक घाण्यात जास्तीच्या पळ्या घालायला लावल्या. उस्तादने मुकाट घातल्या. दादासाठी ताज्या घाण्याचा डबा आणलाय.

१९ मार्च
दादा ओळखू येत नाही. हात थरथरतात, जबडा आवळलेला असतो. भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच वहिनीने विचारलं तर ताट भिंतीवर भिरकावलं. मग छाती धडधडतेय म्हणून रडला. व्यायामशाळेत एकाने मित्राच्या तोंडावर वजनाची लोखंडी थाळी हाणली, दात फरशीवर सांडले, हे मात्र हसत हसत सांगितलं. मला भीती वाटतेय. पावडर बंद कर म्हटलं, तर हो म्हणाला.

२१ मार्च
डबा निम्मा संपलाय. वहिनीचा ओठ फाटलाय, डोळा काळानिळा. मी डबा लपवला. चाखून पाहिला, तर मैदा खाल्ल्यासारखा. वहिनीला चिमूटभर पावडर दिली. ती जागीच ओकली, जहर आहे म्हणाली.
मला काहीच लागत नाही. कधीपासून? ते सगळे घाणे, त्या पळ्या — मीच —

२२ मार्च
उस्तादला सांगितलं. माल तर दुकानांत गेला, म्हणाला. आता दुसरी जीभ बघतो, म्हणाला.
माझेही हात थरथरताहेत. अक्षर बघ कसं —

२३ मार्च
वहिनी आणि मी बाथरूममध्ये. फोन बाहेर राहिला, ही वही तेवढी हातात. मी डबा ओतून टाकला हे दादाला कळलं. डंबेलने दार फोडतोय. वहिनीच्या कानातून रक्त येतंय. फळी चिरली —

थांबला. धाडकन पडला. फटीतून दिसतोय. तोंडाला फेस. टाचा फरशीवर आपटताहेत.

वहिनी कडी काढायला निघाली. नको म्हटलं. उठला तर? ऐकत नाही. तिचे केस धरले. डोकं नळावर — एकदाच — नाही, परत —

हात थांबत नाहीत. माझेच ना हे —

टाचा थांबल्या. दादा, उघडते मी. थांब जरा. आधी ही गप्प