शुक्रावरची खरखर

बावतीस,

इथे आखातात, ईसा टाउनला मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते, त्यांची शिवांगी काल शाळेचा धडा वाचत होती. पन्नासेक वर्षांपूर्वी रशियाने शुक्रावर एक यंत्र उतरवलं. उतरताच आवाज बंद. सगळे म्हणाले, खलास. महिन्याभराने कोणीतरी टेप परत ऐकली, तर त्या खरखरीत यंत्राचा बारीक आवाज होता, चांगला तेवीस मिनिटं!

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. तुला लकवा झाल्यापासून तुझं बोलणं कळत नाही, म्हणून मी चिडून फोन कापते. तुझा परवाचा व्हॉइस मेसेज मग चारदा ऐकला. तू विचारत होतास, "ए म्हशी, जेवलीस का?"

जेवले रे. हे पत्र टाकत नाही, तुला फोनच लावते. एक वाक्य कळायला तास लागला तरी ऐकेन.

तुझी तापट बहीण,
मार्सेलिना