तिकिटावरचं बालरूप

दि. ९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नवी तिकिटं काल आमच्या टपाल कचेरीत पोचली. गठ्ठा फोडला आणि मी मटकन स्टुलावर बसले. अरे, हे म्हणे सम्राट देवांचं बालरूप! ही तर आमची खारूताई! तोच पुढे आलेला डावा कान, तीच हनुवटीवरची खळी. निदान कान तरी मागे दाबायचास! अख्ख्या साम्राज्याच्या तिकिटासाठी तुला तुझी भाचीच सापडली का?

एक तिकीट घरी नेलं (विकत घेऊन, बरं का) आणि तिच्या गालाशी धरलं. हे नुकतेच सिग्नलवरची पाळी संपवून आले होते, पोट धरून हसले. खारूताईने तिकीट निरखलं आणि विचारलं, हा मुलगा पण नखं खातो का? सहा वर्षांची घोडी झाली तरी तिचं नखं कुरतडणं सुटत नाही. कडू लेप लावला, तर तो चाटूनपुसून पुन्हा सुरू.

माझी मात्र पंचाईत करून ठेवलीस. टपालाचा शिक्का देवांच्या चेहऱ्यावर पडता कामा नये, कोपऱ्यातच मारायचा, हा नियम तुला ठाऊक आहे. आजवर तिकिटावर नुसता मुकुट आणि पडदा असायचा, मी धडाधड ठोकत सुटायचे. आता हात आखडतो. वहिनींना नमस्कार. रागावलेली नाही, लोभात कसर करू नकोस.

तुझी,
धाकटी

दि. २० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून हसलो आणि लगेच चुलीत टाकलं. असलं काही लिहीत जाऊ नकोस, बाई.

मी तरी काय करणार? देवांचा चेहरा बघायची कुणालाच मुभा नाही, आणि हुकूम आला की राज्यारोहणाच्या वर्धापनदिनासाठी बालरूपाचा ठसा कोरा. आमच्याकडे कपाटात जुने ठसे पडून आहेत, तेही उलथेपालथे करून पाहिले. पहिला सम्राट स्वतःला सूर्याचा मुलगा म्हणवायचा, त्याचा मुलगा सूर्याचा भाऊ झाला, आणि नातवाने तर सूर्यालाच आपला दिवटीवाला करून टाकलं. त्यानंतर चेहरा गायब, फक्त पडदा. आगगाडी आली, तारायंत्र आलं, पडदा काही हलला नाही. माझ्या मेजावर तुझ्या लेकीचा फोटो होता. हात आपोआप तिकडे वळला. इतक्या मायेने मी जन्मात काही कोरलेलं नाही, खोटं कशाला बोलू?

आतली एक गोष्ट, तुझ्यापाशीच राहू दे. देव आजारी आहेत. म्हणजे नाहीत, कारण देवांना आजार होत नाही. म्हणून वैद्यांना घड्याळजी म्हणून आत नेतात. हल्ली राजवाड्यातली घड्याळं फारच बिघडतात.

खारूताईला गालगुच्चा. माया आहेच, ती वाढतीच राहील.

तुझा,
दादा

दि. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घंटा तू माझ्या आधी ऐकल्या असशील. देवांनी वस्त्र बदललं, असा जाहीरनामा आमच्याच भिंतीवर मी माझ्या हाताने डकवला. मूलबाळ नव्हतं, म्हणून देव आता राज्यातल्या कुठल्याशा मुलात उतरले आहेत, आणि बालरूपावरून त्यांची ओळख पटवायची आहे, असं खाली लिहिलंय. दादा, बालरूप म्हणजे आपलं तिकीट रे! राजवाड्याची माणसं हातात भिंग आणि तिकीट घेऊन गावोगाव फिरताहेत.

काल कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने खारूताईला सुटे पैसे दोन्ही हातांनी दिले आणि मान खाली घातली. ती खिदळत घरी आली. मी तिला आत ओढून कडी लावली.

मुलगी आहे, एवढाच काय तो धीर. सम्राज्ञी कधी झालेली नाही ना? हे म्हणतात तिला आत्याकडे पोचवू, पण लहान मूल दिसलं की गाडी थांबवून तपासतात, हेही तेच सांगतात. तो चेहरा तू कोरलास, तूच जाऊन सांग. त्यांना खरं कळलं की सोडून देतील. तुझ्यावरच सगळी भिस्त आहे.

तुझी,
धाकटी

दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

गेलो होतो. राजवाड्याच्या कारभाऱ्यांपुढे फोटो आणि तिकीट शेजारी शेजारी ठेवलं. म्हटलं, ही माझी सख्खी भाची, मी कौतुकाने तिचा चेहरा उतरवला, अपराध माझा, हवी ती शिक्षा करा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, मेजावर इतक्या वस्तू असताना तुमचा हात तिकडेच कुणी वळवला? मीच तुला लिहिलं होतं ना, आपोआप वळला म्हणून.

मुलगी आहे, असंही सांगून पाहिलं. त्यावर ते हसले. देवांनी इतकी वस्त्रं बदलली, त्यांना परकर जड होणार का, म्हणाले.

खरं काय ते मला जिना उतरताना उमगलं. दिवंगत देवांचे दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेत. सहा वर्षांचं पोर दोघांनाही चालतं, कारभाऱ्यांना तर फारच चालतं. मोठ्या माणसाला मत असतं.

फोटो त्यांनी ठेवून घेतला. पत्ता मी सांगितला नाही, मेलो तरी सांगितला नसता. पण फोटोमागे तुझं सुबक अक्षर होतं, लाडक्या मामास, आणि खाली घर, गल्ली, सगळं. तिला कुठेही ने. तारही केली आहे, पण ती पुढे जाऊ देतील की नाही, देव जाणे. माया पातळ करू नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
दादा

दि. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तारही पोचली. दोन्ही ती गेल्यावर.

चार माणसं आली, फार अदबीने वागली. तिला आमच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर उभं केलं, भिंगातून कान बघितला, आणि सगळे तिच्यापुढे आडवे पडले. ह्यांनी एकाची गचांडी धरली होती. पण दारातली शेजारपाजारची माणसंही आडवी पडली, तसे ह्यांचे हात सुटले. उभे असे आम्ही दोघंच राहिलो. तिला वाटलं हा खेळ आहे, म्हणून तीही पालथी पडली, तर त्यांनी घाईघाईने उठवलं.

गाडीत बसताना तिने माझा पदर धरला. मी येतेय ना, विचारलं. त्या माणसाने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. आणि मी काय केलं सांगू? म्हटलं, तू हो पुढे, मी मागून येते. ती लगेच बसली. गुणी पोर माझी.

गाडीच्या मागे धावले होते रे. नाक्यावर अडवलं.

तुझ्यावर राग धरू म्हटलं तरी धरवत नाही. तुझं पत्र पिशवीतून मीच काढलं, त्यावरच्या तिकिटावरही तीच होती. लोभाचं काय लिहू, तो आहे.

तुझी,
धाकटी

दि. २६ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

देव वाढतात, म्हणून तिकिटावरचा चेहराही दर वर्षी मोठा व्हायला हवा, असा हुकूम निघाला. त्यासाठी मला आत बोलावलं. चेहरा दाखवत नाहीत. पडद्यासमोर बसवलं आणि फटीतून एक हात बाहेर आला. नखं मुळापर्यंत कुरतडलेली, एका बोटाला रक्त सुकलेलं. मी कपाळ टेकवलं, तर त्या हाताने माझा अंगठा चिमटीत धरला, आपल्या घरी धरायची तसाच. बोलायची परवानगी नव्हती. तिला नुसती हाक मारायची होती, धाकटे. मला ते जमलं नाही.

तू तिला पाठवलेलं पत्र परत आलंय, ते कारभाऱ्यांनी माझ्या हाती दिलं. तू वर ‘चि.’ लिहिलंस आणि खाली आशीर्वाद. देवांना आशीर्वाद देणं हा गुन्हा आहे. या खेपेला सोडलं म्हणाले. प्रजेला वर्षातून एक अर्ज करता येतो. सुरुवात चरणांपासून करायची, नातं लिहायचं नाही, स्वतःसाठी काही मागायचं नाही, राज्यासाठीच मागायचं. पण असा अर्ज पडद्यासमोर मोठ्याने वाचतात, शब्द न् शब्द. ती ऐकते. तेवढं लक्षात ठेवून लिही.

माझ्या वाटची थोडी माया शिल्लक असेल, तर असू दे.

तुझा,
दादा

दि. ८ जुलै

राजाधिराज देवांच्या चरणी
प्रजेचा साष्टांग दंडवत.

देवांच्या कृपेने इकडे सर्व कुशल आहे. गाड्या वेळेवर सुटतात. सिग्नलवाले आपलं काम चोख करतात, आणि घरी आले की दारातला लहान जोडा पुसून ठेवतात. टपाल रोजच्या रोज निघतं. देवांच्या चेहऱ्याला शिक्का लागू नये म्हणून इथली शिक्केवाली फार जपते. आजवर एकदाही लागू दिलेला नाही.

राज्याच्या भल्यासाठी मागणं असं, की ज्या लहान मुली नखं कुरतडतात त्यांना ती कुरतडू देऊ नयेत, बोटं दुखतात. ज्यांना अंधाराची भीती वाटते, त्यांच्या खोलीत एक दिवा राहू द्यावा. आणि ज्यांच्या आया मागून येते म्हणाल्या आणि आल्या नाहीत, त्या सगळ्या मुलींना देवांनी स्वतः सांगावं, की आई निघाली होती. तिला नाक्यावर अडवलं.

कृपा असावी.

देवांची प्रजा,
टपाल कचेरीतली शिक्केवाली