इल्ली की इल्ला

३ जानेवारी १९७८

आजपासून मी स्मॅशर नाही. पंचाक्षरी मास्तरांनी ग्राउंडवर सगळ्यांदेखत सांगितलं — "महिपती, तुझी उडी आता नेटच्या वर येत न्हाय. सेटर हो." बारा वर्षं मिलच्या व्हॉलीबॉल टीमकडून मारत आलो. आता दुसऱ्यानं मारावं म्हणून उचलून द्यायचं. माझ्या जागी रेवणसिद्ध. वय बावीस, अक्कलकोटकडचा, मिलमध्ये अजून बदली कामगार.

नको म्हणायची सोय नाही. टीममध्ये आहे तोवर कायम दिवसपाळी. टीम सुटली की पुन्हा रात्रपाळी. टीममध्ये यायच्या आधी सहा वर्षं केलीय. तेव्हा धाकटी मला पाव्हणा समजायची.

६ जानेवारी

बॉल कपाळासमोर घ्यायचा, दहाही बोटांनी, आणि आवाज न करता सोडायचा. आवाज झाला की मास्तरांची शिट्टी. आज अकरा शिट्ट्या. "तू बॉलला मारतोस. तव्यावरची भाकरी उचलतात तसं उचल की." मी भाकरी कधी उचललेली नाही. घरी येऊन सोनाला विचारलं, कशी उचलतेस?

"हात भाजायच्या आदी सोडायची. त्यात काय हाय?"

बायकोला व्हॉलीबॉल माझ्याआधी कळला.

९ जानेवारी

भिंतीवर दोनशे बॉल. शेजारची गंगम्मा विचारून गेली, भिंतीनं तुमचं काय वाकडं केलंय.

१५ जानेवारी

गड्ड्याची यात्रा. खेळ बंद. यात्रेत रेवणसिद्ध दिसला. मी भांड्यांच्या दुकानात पातेली बघत उभा राहिलो.

२ फेब्रुवारी

बोटं बसली. आज मास्तरांची एकही शिट्टी नाही, म्हणजे बरं जमलं असणार.

पण रेवणसिद्धला माझा बॉल नको आहे. डावीकडून धावत येतो आणि ओरडतो — इल्ला! कानडी मला येत नाही, पण इल्ला म्हणजे नाही, हे सोलापुरात कुणाला कळत नाही? नको तर नको. मी उजवीकडे दुसऱ्या स्मॅशरला, येडूला देतो. येडू तो नेटमध्ये घालतो. रेवणसिद्ध हात वर ठेवून माझ्याकडे बघत राहतो.

मास्तर म्हणाले, "आरं, त्यो मोकळा हुता की." मोकळा होता, पण नाही म्हणत होता. हे मी सांगितलं नाही. चौदा वर्षांनी लहान पोराची चहाडी करायची?

११ फेब्रुवारी

सरावाची मॅच हरलो. इल्ला सतरा वेळा, मी मोजले. मास्तर म्हणाले, असंच चाललं तर मार्चच्या जिल्हा स्पर्धेला दुसरा सेटर बघतो. घरी येऊन जेवलो नाही. सोनाला वाटलं पोट बिघडलंय. पोटाला काही झालं नव्हतं, रडू येत होतं.

१३ फेब्रुवारी

माझ्या शेजारच्या मागावर गुरुबसप्पा असतो. त्याला विचारलं, तुमच्यात मोठ्या माणसाला तोंडावर इल्ला म्हणतात का? मागांच्या खडखडाटात दोनदा ओरडावं लागलं. सगळं ऐकून घेऊन त्यानं माग बंद केला आणि मग हसला.

"इल्ला न्हाय, इल्ली म्हणत आसंल त्यो. इल्ली म्हंजे हितं. हितं द्या म्हणतोय."

इतके दिवस पोरगं इथं, इथं म्हणत होतं. आणि मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते लिहीत नाही.

संध्याकाळी इल्ली आल्यावर त्याला बॉल दिला. त्यानं मारलेला बॉल कंपाउंडबाहेरून आणावा लागला. मी बुटाची नाडी बांधत बसलो.

२८ फेब्रुवारी

आता त्याच्याकडे पाठ असली तरी चालतं. इल्ली आलं की बॉल तिकडे जातो, मी फक्त मध्ये असतो. खूप वर्षांनी खेळायला मजा येतेय.

१२ मार्च

जिल्ह्याची फायनल जिंकलो. पाच सेट. समोर माळशिरसकडची टीम. कानडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, इल्ला तेवढा माहीत. शेवटच्या पॉइंटला रेवणसिद्ध ओरडला आणि त्यांना इल्लाच ऐकू आलं. त्यांचे अडवणारे दोघंही येडूसमोर उडाले. रेवणसिद्धसमोर कुणीच नाही.

त्यालाच सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. मास्तरांनी माझी बोटं हातात घेऊन बघितली आणि गेले. घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

१५ मार्च

रेवणसिद्ध घरी आला. फायनल बघायला कुर्डुवाडीहून रेल्वेचे साहेब आले होते. त्यांच्या टीमला तो हवाय. वर्कशॉपात कायमची नोकरी. शनिवारपर्यंत हजर झाला तर जागा त्याची.

"मी न्हाय म्हणून आलो, अण्णा. तुमाला पन घ्या म्हटलं, तर पंचविशीच्या आतलाच पायजे म्हणले. तितं मला असा बॉल कोन देनार?"

त्याला खुळ्या म्हणालो. ऐकेना. "तुमी खेळताय तवर मी हितंच." चहा पिऊन गेला. इथं बदलीवर. उद्या काम मिळेलच असं नाही.

१७ मार्च

सकाळी मास्तरांना चिठ्ठी दिली, टीम सोडली. रेवणसिद्धला सांगितलं, डॉक्टरांनी खेळ बंद केलाय. पाया पडला. संध्याकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेला.

मी कुठल्याही डॉक्टरकडे गेलेलो नाही. सोमवारपासून रात्रपाळी.