तुझ्या चोळीतलं शिसं

आये,

तुझी डावी बाजू गेली, आता माझी उजवी जाणार आहे. गाठ कॅन्सरचीच निघाली. छाती काढल्यावर त्या जागी काय काय करता येतं ते काल डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. सिलिकॉनची पिशवी आत बसवता येते. ऑपरेशन लहान, पण पुढे रेडिएशन द्यावं लागलं तर ती आवळून येऊ शकते, कधीतरी बदलावीही लागते. नाहीतर पोटाची कातडी नि चरबी वर आणून घडवायची; आपलंच मांस, पण पोटावर लांब वण आणि बरं व्हायला वेळ. "कसंही केलं तरी स्पर्श पूर्वीसारखा कळेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "आणि काहीच न करणं हाही पर्यायच आहे. विचार करून कळवा." मी मान हलवत होते आणि खुर्चीमागून मला ते खुळखुळणं ऐकू येत होतं.

तुला कुणी चित्र काढून दाखवलं नाही. दवाखान्यातून मोऱ्याला, आपल्या कोळीवाड्यात आलीस आणि जखम भरते न भरते तोच मासळीची पाटी डोक्यावर घेतलीस. चोळी एका बाजूला रिकामी. कापसाची उशी शिवून घातलीस, तर ती गळ्याशी चढून यायची. मग तू जुन्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या सोडवून त्या कापसात शिवल्यास, जाळं तळाला बसतं तशी ती बसावी म्हणून. हे कोळणीलाच सुचावं! बसली खरी. पण तू वाकलीस की आत बारीक खुळखुळायचं, काखेतली कातडी सोलायची, आणि मी बघत राहिले की तू डाफरायचीस, "माज्या आंगाला काय बगतेस? पानी आन."

तू गेलीस तेव्हा न्हाऊ घालताना मी तो वण पहिल्यांदा पाहिला. नवं लुगडं नेसवायची वेळ आली आणि मावशी ती शिशाची उशी शोधायला लागली. मी म्हटलं, आता कशाला? ती रडत म्हणाली, "अर्धी नको गो पाठवू तिला. सवाशीन हाय ती." मग हिरव्या चोळीतून ते शिसंही तुझ्याबरोबर गेलं. राखेत बाबांना त्याचा वितळलेला गोळा सापडला. त्यांनी तो पाण्यात टाकला.

तेव्हापासून तू येतेस. कोपरखैरण्याच्या या फ्लॅटमध्ये, भरदुपारी, मी केर काढायला वाकले की मागे खुळखुळतं. मला भीती वाटते, आये. आधी वाटायचं तू काही मागतेस. आता वाटतं, मी काय ठरवते ते बघायला येतेस. नवरा म्हणतो, "तुला पाहिजे ते कर, टेन्शन नको घेऊ." लेक म्हणते, "मम्मी, काहीच नको करू. लोकांसाठी कशाला?" तिचं खरं आहे. तुझे हाल आठवून मीही सगळ्यांना ठणकावून सांगितलंय, मला काही नको.

हे पत्र कुठं टाकायचं? राहील इथंच, साड्यांच्या खाली. पण घरात अजून कुणाला ठाऊक नाही ते तुला सांगते. आत्ताच डॉक्टरबाईंना फोन केला, म्हटलं, पोटाचं घेऊन छाती घडवा. लोकांसाठी नाही गं. तुला मिळाली नाही हे ठाऊक असूनही, मला हवीय.